बबनचं पहिलं मत

लाउडस्पीकरच्या दुकानात ज्यानं चार वर्षं काढली त्याच्याकडं किस्से साठणारच, त्याला इलाज नाही. लग्न असो, सप्ताह असो की सभा असो, माणूस माइकपुढं उभा राहिला की शहाण्यासारखं बोलतो. माइक बंद झाला की मग खरं बोलतो. आणि त्या वेळी शेजारी वायर गुंडाळत बसलेले असतो आम्ही. गावानं ऐकलं ते गावाचं, उरलेलं सगळं आमच्या वाट्याला.

आजचे किस्से मात्र एकाच निवडणुकीचे आहेत. सत्तर सालानंतरचे पहिलेच दिवस. हल्लीच्या पोरांना अठराव्या वर्षी मत मिळतं आणि त्यातली निम्मी त्या दिवशी झोपून काढतात. आमच्या वेळी एकवीस लागायचे. अठरा ते एकवीस ही तीन वर्षं आम्ही नुसता दुसऱ्यांचा प्रचार केला.

राहात्याच्या बाजारपेठेत अण्णांचं दुकान. दोन भोंगे, एक मशीन, मोटारीच्या दोन बॅटऱ्या, तबकड्यांची एक पेटी आणि आम्ही तिघं. मी मशीन सांभाळायचो. युसूफ भोंगे बांधायचा. झाड, टांगा, देवळाचं शिखर, त्याला कुठंही चढवा. आणि माइकवर बबन. बबनचा आवाज असा की टांगा वेशीत असताना गावाच्या त्या टोकाची म्हातारी दार उघडून बाहेर यायची. फक्त एकच अडचण होती. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुकानात सकाळी झालेली गोष्ट दुपारी पेरूच्या बागांपर्यंत पोचलेली असायची, आणि तीही भोंगा न लावता.

अण्णांचं उलटं. सगळ्या पंचक्रोशीला आवाज पुरवणारा हा माणूस स्वतः माइकला भ्यायचा. पंधरा वर्षांत कधी 'हॅलो' म्हणाला नाही. एकदा माइक चालू आहे हे ध्यानात न येता अण्णा शिंकले, तर दोन दिवस दुकानात आले नाहीत.

* * *

निवडणूक पंचायत समितीची होती. उमेदवार तीन. रावसाहेब म्हणजे बागायतदार, जीपवाले, कारखान्यात ज्यांचा शब्द चालतो असे. त्यांचं चिन्ह छत्री. दुसरे आमचे शाळेतले गुरुजी, नुकतेच रिटायर झालेले, त्यांचा कंदील. तिसरा पैलवान. त्याला चिन्ह मिळालं कोंबडा, आणि त्याला ते मनापासून आवडलं.

तिघांना भोंगा पाहिजे आणि गावात दुकान एक. अण्णांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. पाट्या वेगळ्या, टांगे वेगळे, आवाज मात्र एकच. सकाळच्या पारी बबन छत्रीचा, दिवस कलला की कंदिलाचा, आणि पैलवानाचा टांगा भल्या पहाटे निघायचा, कारण पैलवान तालमीमुळं तेव्हाच जागा असे.

बबनची एक पद्धत होती. शेवटी श्वास भरून तो विचारायचा, "तुमचं आमचं मत कुणाला?" आणि टांग्यामागं धावणारी पोरं बोंबलायची, "छत्रीला!" संध्याकाळी तीच पोरं, तोच सवाल, "कंदिलाला!" पोरांना चिन्हाशी देणंघेणं नव्हतं. टांग्यामागं पळायला मिळतंय यातच ती खूश होती.

एका वस्तीवर एक मावशी धुणं वाळत घालत होती. तिनं टांगा अडवला.

"का रं, सकाळी तर छत्री छत्री वरडत हुतास. आता कंदील व्हय?"

बबन क्षणभरही अडखळला नाही. "मावशी, सकाळी ऊन हुतं म्हनून छत्री. आता दिस बुडला. आता कंदीलच लागंल का न्हाई?"

मावशीनं विचार केला. "आन् मग त्यो कोंबडा?"

"त्यो उद्या पहाटं."

मावशीला ते पटलं. तिनं टांगा सोडला.

* * *

गुरुजींच्या सभेला गर्दी चांगली व्हायची, कारण निम्मा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला. गुरुजी बोलायला उभे राहिले की लोक आपसूक मांडी घालून, हाताची घडी करून बसायचे. अडचण अशी होती की गुरुजींना तास संपल्याची घंटा ऐकायची सवय होती आणि सभेत घंटा नव्हती.

एका वाडीत त्यांनी "तरुणांनी राजकारणात यावे" हा विषय घेतला. जरा वेळानं तरुण झोपले. गुरुजींनी मधेच थांबून, "तो मागचा, टोपीवाला, उभा राहा आणि मी काय सांगितले ते सांग," असं फर्मावलं. टोपीवाला उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, दोन नातवंडांचा आजा. त्याला सांगता येईना. गुरुजींनी त्याला सभा संपेपर्यंत उभं ठेवलं.

मग गुरुजी म्हणाले, "कोणाला काही शंका?"

पुढच्या रांगेतून एक हात वर झाला. वाडीचे सरपंच. चांगले पागोटंबिगोटं घातलेले. पण हाताची नुसती करंगळी वर.

"जाऊन या," गुरुजी म्हणाले, आणि पुन्हा सुरू झाले.

अशा वेळेसाठी आमच्या दुकानाची एक खूण होती. वक्ता आवरेनासा झाला, किंवा बोलता बोलता शिव्यांवर आला, की अण्णा डोक्यावरची टोपी सारखी करायचे. टोपी सारखी झाली की मी मशीनच्या मागून वायर काढायची. भोंगा मुका झाला की अण्णा हळहळत पुढं यायचे आणि म्हणायचे, "काय करावं, बॅटरी उतरली." वक्त्याचा मान राहायचा, लोकांना घरी जाता यायचं, आणि आमची बॅटरी कधी उतरलेली नसायची.

त्या दिवशी अण्णांनी टोपी सारखी केली तेव्हा वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं अण्णांना हात जोडले. कारण ही युक्ती बबननं केव्हाच सगळ्यांना सांगून टाकली होती. गावागावात ती लहानथोरांना माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त उमेदवारांना.

* * *

रावसाहेबांना कुणीतरी सांगितलं की या खेपेला तरुण महत्त्वाचे. त्यांनी लगेच मळ्यात तरुणांचा मेळावा भरवला. जिलेबी, भजी, सतरंजी, सगळं झकास. तरुणही आले. इतके आले की दोनदा पीठ कालवावं लागलं.

पोटं भरल्यावर रावसाहेब माइकपुढं आले. "माझ्या तरुण मित्रांनो," वगैरे झालं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "ज्यांचं ज्यांचं मत हाय त्यांनी हात वर करा बरं."

दोन हात वर झाले. एक आचाऱ्याचा, दुसरा रावसाहेबांच्या ड्रायव्हरचा.

सबंध मळाभर मिसरूड फुटलेली पोरं बोटं चाटत बसली होती आणि एकालाही एकवीस लागले नव्हते. युसूफ जवळच भोंग्याची सुतळी आवळत होता. एकोणीस वर्षांचा, आणि हातात जिलेबी. रावसाहेबांनी राग त्याच्यावर काढला.

"मत न्हाई तर आलात कशाला रं?"

युसूफ अदबीनं म्हणाला, "साहेब, तुमी तरुणांना बोलावलं हुतं. मतदारांना न्हाई."

अण्णांनी टोपी सारखी केली.

* * *

त्या मेळाव्यावरून दुकानात वाद पेटला. युसूफचं म्हणणं, अठराव्या वर्षी मत द्यायला पाहिजे. अण्णांचं म्हणणं, एकवीस हेच लवकर होतंय.

"बबन्याच्या थोरल्या भावाला इसाव्या वर्षी दोन पोरं हुती," युसूफ म्हणाला. "बाप व्हायला चालतंय आन् मत द्यायला चालत न्हाई?"

"बाप व्हायला अक्कल लागत न्हाई," अण्णा म्हणाले.

"आन् मत द्यायला लागती?"

अण्णांनी चहाचा घोट घेतला. "लागती. पन कुनी वापरत न्हाई."

बबन एका कोपऱ्यात गप्प होता. बबन गप्प आहे हे आमच्या जरा उशिरा ध्यानात आलं, आणि मग दुकानच गप्प झालं. त्याला नुकतेच एकवीस पूर्ण झाले होते. आमच्या तिघांत मत मिळालेला पहिला तोच. महिनाभर त्या गोष्टीनं तो फुगलेला होता. आणि आता त्याचं तोंड उतरलेलं.

"काय झालं रं?" मी विचारलं.

"माझं मत नानांनी देऊन टाकलं," बबन म्हणाला.

नाना म्हणजे त्याचे वडील. शब्दाला पक्के, स्वभावाला कडक. रावसाहेबांनी बबनला कारखान्यात चिकटवतो म्हटलं होतं, आणि नानांनी त्याबदल्यात घरातली सगळी मतं छत्रीला, असा शब्द दिला होता. त्या सगळ्यात बबनचंही होतं. पोरगा एकवीस वर्षांचा व्हायची वाटसुद्धा त्यांनी बघितली नव्हती. खरं सांगायचं तर त्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. तेव्हा आमच्याकडं मत माणसाचं नसायचं, घराचं असायचं. कर्ता पुरुष सांगेल तिकडं बायका, भाऊ, सुना, सगळे शिक्का मारायचे.

"मग तुला कुनाला द्यायचंय?" युसूफनं विचारलं.

"ते मी ठरवनार हाय," बबन म्हणाला. "पन म्या ठरवलं, हेच जर नानांना कळलं तर त्यांचा शब्द पडंल. आन् रावसाहेबांना कळलं तर कारखाना गेला."

"मग कळू देऊ नगंस. मत गुप्त असतंय."

यावर अण्णा इतके हसले की चहा सांडला. "गुप्त? ह्याच्या पोटात? अरे, ह्यो बोटाला शाई लागायच्या आधी गावभर सांगंल. म्हनून म्हनतो मी, पोरांना मत देऊ नये. ज्याला पोटात ठेवता येत न्हाई त्यानं पेटीत टाकू नये."

बबनला हे लागलं. मला दिसलं ते. तो उठला आणि म्हणाला, "अण्णा, निकालापातुर मी कुनाला सांगितलं न्हाई तर?"

"तर मी माइकवर बोलंन," अण्णा म्हणाले.

अण्णांनी एवढी मोठी पैज कधी लावली नव्हती.

* * *

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार बंद. टांग्यांवरचे भोंगे उतरवून दुकानावर टांगले, टांगे सुटले. पैलवानानं टांग्यावर मिरवायला एक खराखुरा कोंबडा आणला होता. तुरा लाल, मान ताठ, पैलवानापेक्षा त्याचीच छाती मोठी. तो रात्रीपुरता आमच्या दुकानात बांधला. मशीन मात्र युसूफकडून चालूच राहिलं, आणि माइक कोंबड्यापासून हातभर.

पहाटे कोंबडा आरवला. दुकानावरच्या एका भोंग्यातून तो सगळ्या राहात्यानं ऐकला. लोक दचकून उठले. आपला आवाज एवढा मोठा झालेला बघून कोंबड्यालाही चेव आला, आणि तो थांबेचना.

सकाळी रावसाहेबांची माणसं तक्रार घेऊन आली. मुदत संपल्यावर प्रचार झाला, आणि तोही चिन्हाच्या तोंडून. पाठोपाठ निवडणुकीचे साहेब आले. तरुण, चष्मेवाले, पुण्याकडचे असावेत.

"प्रचार कोणी केला?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं.

युसूफनं कोंबड्याकडं बोट दाखवलं.

साहेबांनी कोंबड्याकडं पाहिलं. हसू आवरायला त्यांना चष्मा पुसावा लागला. "वय काय याचं?"

"असंल दीड वरसाचं," युसूफ म्हणाला. "सोडा साहेब, आमच्यातलाच हाय. आवाज हाय, मत न्हाई."

साहेबांनी सोडला. पैलवानानं मात्र सोडला नाही. निवडणूक हरल्याचं कळायच्या आधीच त्यानं कार्यकर्त्यांना जेवण घातलं. आम्हीही गेलो होतो. मी विचारलं, "पैलवान, चिन्ह कुठं दिसत न्हाई?"

पैलवान हाड चोखत म्हणाला, "वाढलंय की तुला."

* * *

मतदानाच्या दिवशी नानांचं घर एका रांगेत शाळेकडं निघालं. पुढं नाना, मागं चुलते, मग थोरला भाऊ, मग बायका, आणि शेवटी नवा लेंगा घातलेला बबन. वाटेत रावसाहेबांचा माणूस उभा होता. नानांनी त्याच्याकडं बघून मान हलवली, आणि त्यानं रांग डोळ्यांनी मोजून घेतली. आम्ही मत नसलेले दोघं शाळेच्या खिडकीला लोंबकळून बघत होतो.

बबनची पाळी आली. टेबलाशी बसलेल्या मास्तरांनी विचारलं, "नाव?"

आता बबनला लहानपणापासून नाव सांगायची सवय होती ती माइकवर. त्यानं छाती भरली आणि सुरू झाला, "मतदार बंधू आणि भगिनींनो..."

सगळी शाळा हादरली. रांगेतल्या दोन बायका सवयीनं बाहेर बघायला गेल्या, टांगा कुठाय म्हणून. मास्तरांनी कानावरचे हात काढले आणि म्हणाले, "बाबा, तुझं नाव फक्त. आणि हळू."

शाई लागली, कागद मिळाला, आणि बबन पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेला. इथं आमचा जीव टांगणीला लागला, कारण बबनला मनातल्या मनात वाचता येत नसे. त्यानं आयुष्यात जे जे वाचलं ते मोठ्यानं वाचलं होतं.

आडोशामागून खणखणीत आवाज आला, "कंदील!"

नानांनी झटकन मान वळवली.

"कोंबडा!" आडोसा म्हणाला. "छत्री!"

"अहो, मनात वाचा, मनात," मास्तर ओरडले.

"मनात येत न्हाई साहेब."

"मग वाचू नका. चित्र बघा आणि शिक्का मारा."

त्यानंतर आत शांतता झाली. इतकी लांब शांतता बबनकडून मी कधी ऐकली नव्हती. रांग चुळबुळायला लागली. मास्तरांनी टेबलावर बोटं वाजवली. नाना दारात उभे होते, आणि आडोशाखाली दिसणाऱ्या पोराच्या पायांकडं एकटक बघत होते. पाय मधेच जवळ आले, मधेच लांब गेले. मग बबन बाहेर आला. कागदाची घडी घातलेली, कपाळावर घाम. कागद पेटीत टाकताना त्यानं दोन्ही हात वापरले.

खिडकीतून बघताना मला त्याचा हेवा वाटला, हे कबूल करतो. दोन वर्षं थांबायचं होतं मला तेवढ्यासाठी.

* * *

मग सुरू झाली बबनची कसोटी. निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी लागायचा होता. तोवर गप्प राहायचं.

त्यानं पेरूचा आसरा घेतला. हंगाम होता, राहात्यात पेरूला काय तोटा. टोपलीभर पेरू घेऊन तो दुकानात बसला. कुणी विचारलं, "बबन, कुनाला रं?" की हा पेरूचा मोठा लचका तोडायचा आणि डोळे वटारून चावत बसायचा. रावसाहेबांचा माणूस आला, पेरू. पैलवान आला, पेरू. गुरुजी स्वतः आले आणि म्हणाले, "मी विचारणार नाही, विचारणे योग्य नव्हे. पण विचारले असते तर काय सांगितले असतेस?" बबननं दोन पेरू खाल्ले.

संध्याकाळी तो पोट धरून बसला. अण्णा खुशीत आले. "बघ, मत पचंना."

"पेरूनं दुखतंय," बबन कण्हत म्हणाला.

"सांगून टाक. मोकळा होशील."

बबननं मान हलवली आणि आणखी एक पेरू घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली. रावसाहेब निवडून आले, गुरुजी थोडक्यात पडले, पैलवान सपाटून. बबन तोवर कुणाला एक अक्षर बोलला नव्हता. आम्ही अण्णांकडं बघायला लागलो. अण्णा आधी रस्त्याकडं बघत राहिले, मग छताकडं. मग उठले. मी मशीन लावलं, आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले. अण्णांनी माइक दोन्ही हातांनी असा धरला की जणू कुणी हिसकावून नेईल.

"हॅलो," अण्णा म्हणाले.

सगळी बाजारपेठ थबकली. हा आवाज कुणाच्या ओळखीचा नव्हता.

अण्णांच्या कपाळावरून घाम ओघळला. त्यांनी बबनकडं पाहिलं आणि म्हणाले, "मानलं."

मग माइक माझ्या हातात देऊन आतल्या खोलीत जाऊन बसले. पुढं आठवडाभर गिऱ्हाइकं विचारत होती, कुणी काय मानलं म्हणून.

* * *

संध्याकाळी रावसाहेबांची मिरवणूक निघाली. जीपवर आमचाच भोंगा, मागं बँड, आणि गुलाल एवढा की माणूस ओळखू येईना. जीपच्या पायरीशी नाना उभे होते. शब्द पाळलेला माणूस म्हणून रावसाहेबांनी त्यांना मुद्दाम जवळ बोलावून घेतलं होतं. माझ्या मांडीवर मशीन, अण्णा माझ्या शेजारी, आणि बबन पुढं, माइक घेऊन.

बाजारतळावर जीप थांबली. रावसाहेब खुशीत होते. त्यांनी बबनच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्या हातातला माइक आपल्या तोंडाशी ओढला.

"मंडळी, ह्या पोराच्या आवाजानं आपन जिंकलो. ह्याचं हे पहिलंच मत. आता ह्यालाच इचारू. बबन, सगळ्यांना सांग, पहिलं मत कुनाला टाकलंस?"

आणि माइक बबनच्या हातात परत दिला.

इथं पेरू नव्हता. बबन खोटं सांगेल असंही नव्हतं. खोटं बोलायला माणसाला आधी जरा थांबावं लागतं, आणि थांबणं बबनला येतच नव्हतं. नाना खाली मान घालून उभे होते.

बबननं श्वास घेतला आणि नेहमीच्या पट्टीत विचारलं, "तुमचं आमचं मत कुणाला?"

पोरं सवयीनं तयारच होती. पण पंधरा दिवस ती तिन्ही टांग्यांमागं धावलेली. निम्मी ओरडली "छत्रीला", उरलेली "कंदिलाला", आणि मागचं एक टोळकं जीव तोडून "कोंबड्याला!"

सगळा बाजारतळ हसला. रावसाहेबही हसले. पण ते हुशार होते. "ह्यांचं न्हाई बाबा. तुझं. तुझं सांग."

हसू थांबलं. बबननं नानांकडं पाहिलं. नानांनी मान वर केली. बबननं माइक तोंडाशी नेला.

"माझं मत," त्याचा आवाज सगळ्या बाजारावरून गेला, "मी..."

माझ्या शेजारी अण्णांनी टोपी सारखी केली.

मी वायर काढली. भोंगा मुका झाला, आणि बँडवाल्यांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. रावसाहेब मागं वळून आमच्यावर ओरडले, "काय झालं रं?"

"काय करावं साहेब," अण्णा म्हणाले, "बॅटरी उतरली."

पण बबनचं तोंड एकदा सुरू झालं की वायर काढून थांबत नसे. त्यानं आपलं वाक्य पुरं केलं. मी त्याचे ओठ हलताना पाहिले. बँडच्या दणक्यात आम्हाला एक शब्द ऐकू आला नाही. रावसाहेब अजून आमच्याकडंच तोंड करून होते. हातभर अंतरावर, त्याच्या समोर, होते फक्त नाना.

जीप पुढं निघाली.

मिरवणूक संपल्यावर नाना बबनला न्यायला दुकानात आले. बबन भोंग्यावरचा गुलाल पुसत होता, मान खाली घालून, आणि चक्क गप्प. अण्णांना राहवेना. पैज हरले होते, माइकवर बोलून झालं होतं, आता निदान कळायला तरी हवं.

"नाना," अण्णा हळूच म्हणाले, "तुमी अगदी म्होरं हुता. काय म्हनला पोरगा?"

नानांनी चंची काढली. तंबाखू मळली, चुना लावला, झटकली, गालात ठेवली. बबनचा हात भोंग्यावर थांबला होता.

नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"काय सांगू अण्णा," ते म्हणाले, "बॅटरी उतरली हुती."